सायीखालची वेसण

आमच्या खात्यात एक सोय चांगली आहे. काही बिघडलं की नियमावली काढायची, पानावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, हे इथं लिहिलेलं नव्हतं. हिंगणखेलला जे झालं तेही लिहिलेलं नव्हतं. पण मला ते लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून मी नियमावलीमागं लपणार नाही. झालं तसं सांगते. मध्येच माझा आवाज चढला तर चढू दे.

मी वैजयंता गोरड, पशुधन पर्यवेक्षक. नोकरीला चोवीस वर्षं झाली. हिंगणखेल माझं माहेर, माणदेशातलं दीडशे उंबऱ्यांचं गाव. पाऊस बेताचा, माळ भरपूर, आणि दारोदार खिलार जनावरं. दोन हजार त्रेचाळीसच्या चैत्रात तिथं फाशी आली. फाशी हा गुरांचा रोग. तोच माणसाला झाला की काळपुळी म्हणतात. रोग पूर्वापारचा, पण ही जात नवी होती. जुनी लस तिला जुमानत नव्हती आणि नेहमीची औषधंही लागू पडत नव्हती. कानातल्या बिल्ल्यानं सकाळी ताप आल्याचं कळवलं की दुपारपर्यंत जनावर आडवं. दोन दिवसांत अकरा गेली. त्यातला एक आमच्या आप्पांचा पाखऱ्या.

आप्पा म्हणजे माझे वडील, म्हाकू काळेल. वय अठ्ठ्याहत्तर. आई गेल्यापासून एकटेच राहायचे. एकटे म्हणायचं आपलं; बैलाशी बोलण्यात त्यांचा दिवस जायचा. मला फोनवर दोन वाक्यं मिळायची. "बरी हाईस का? पाखऱ्या बरा हाय." संपलं.

आता थोडं शास्त्र सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फाशीत जिवंत जनावरापेक्षा मेलेलं जनावर जास्त घातक. रोगाचा जंतू अंगात असतो तोवर नाजूक असतो. जनावर मेलं आणि तसंच बंद राहिलं, तर आत जे कुजणं सुरू होतं त्यातच तो मरून जातो. पण त्याला हवा लागली की तो स्वतःभोवती कवच करतो आणि बीज होऊन बसतो. असं बीज मातीत पन्नास-साठ वर्षं पडून राहतं. ऊन, पाऊस, नांगर, कशानंच मरत नाही. चरणाऱ्या जनावराच्या तोंडात गेलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. म्हणून फाशीनं मेलेलं जनावर फाडायचं नाही, सोलायचं नाही, ओढायचं नाही, हे आमच्या आजोबांच्या काळच्या डॉक्टरांनाही माहीत होतं. पंचाईत एकच होती. या रोगात जनावराच्या नाकातोंडातून रक्त येतं आणि ते गोठत नाही. तुम्ही फाडा न फाडा, नाकाच्या वाटेनं जंतू बाहेर येतोच.

त्यावर शास्त्रज्ञांनी सात-आठ वर्षांपूर्वी उपाय काढला. कागदोपत्री त्याचं नाव प्राणवायुरोधी आवरण. लोक त्याला साय म्हणतात, आणि तेच नाव बरोबर आहे. पाठीवरच्या टाकीतून नळीनं फवारायचं. दहा मिनिटांत जनावरावर दुधावर धरते तशी पांढरी साय धरते. पोट फुगेल तशी ती ताणते, पण फाटत नाही. तिचे दोन थर. वरचा थर हवा आत येऊ देत नाही, खालचा थर आत उरलेला प्राणवायू शोषून घेतो. वरच्या थराला कुठं टाचणीएवढं भोक पडलं तरी खालचा थर तेवढ्या जागी निळा पडतो. सात दिवस साय पांढरी राहिली की आतले जंतू मेले असं समजायचं आणि मग जनावर साध्या खड्ड्यात पुरायचं. पूर्वी एकेका जनावरामागं ट्रॅक्टरभर लाकूड लागायचं, नाहीतर पुरुषभर खोल खड्डा. आता एक टाकी. साय ही चांगली वस्तू आहे, हे मी आजही म्हणते.

आमचं पथक गावात पोचलं त्या पहिल्या दिवशी दुपारी मी टाकी पाठीवर घेऊन आप्पांच्या अंगणात गेले. पायापासून डोक्यापर्यंत पांढरा पोशाख, त्यात बेचाळीस अंशांचं ऊन. पाखऱ्या खुंट्याशेजारी पडला होता. नाकाखालची माती काळी झाली होती. आप्पा मेढीला टेकून उभे होते. रडत नव्हते.

"वैजे," ते म्हणाले, "वेसण?"

आमच्याकडं जनावर गेलं की धनी त्याची वेसण कापतो. नाकातला दोर काढून घेतो, कानाशी वाकून म्हणतो, सुटलास बाबा, जा. मगच त्याला पुरतात. बांधलेलं जनावर पलीकडं जात नाही, खुंट्याभोवती फिरत राहतं, असं आमची माणसं मानतात. मी सहा-सात वर्षांची असताना आप्पांनी एका बैलाची वेसण कापलेली मी पाहिली होती. त्या दिवशी ते जेवले नव्हते.

"आप्पा, हात लावायचा नाही," मी म्हणाले.

"म्या कुठं लावतूय. तू लाव. तुझ्या हातात मोजं हायती."

किती सरळ होतं. माझ्या कमरेला कात्री होती, हातात दुहेरी मोजे होते. दोन मिनिटांचं काम. पण नियमावलीत लिहिलं होतं की फवारणीआधी डोक्याजवळ जाऊ नये. ती नियमावली जिथं तयार झाली तिथल्या गुरांना वेसणच नसते, त्यामुळं वेसणीचं काय करायचं ते तिच्यात असणार कुठून? मला पुढं आणखी दहा जनावरं करायची होती, पोशाखात घामानं आंघोळ झाली होती, आणि खरं सांगायचं तर वडिलांच्या दारात भावूक व्हायची मला लाज वाटत होती. मी म्हणाले, "नंतर बघू."

मग नळी दाबली. साय नाकावरून, वेसणीवरून, शिंगांवरून पांढरी पसरत गेली. नंतर बघायचं काही उरलंच नव्हतं. सायीखालचं काही काढता येत नाही, हे मला माहीत होतं आणि आप्पांना नव्हतं. म्हणजे मी चक्क खोटं बोलले.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात आमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकारी डॉक्टर शबनम तांबोळी यांनी गावाला नियम सांगितला. बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण बोलणं पक्कं. "अकरा जनावरांच्या दहा पावलांच्या आत कोणी जायचं नाही. ड्रोन दिवसाआड फोटो काढेल. सातव्या दिवशी पाच वाजता शेवटचा फोटो. अकराही पांढरी दिसली तर गाव मोकळं. एकाची जरी साय फाटलेली दिसली, तर गावच्या बंदी पट्ट्यातली सगळी जनावरं मारावी लागतील."

"सगळी म्हंजी?" सुभद्राकाकींनी विचारलं. काकी आप्पांच्या शेजारी राहायच्या. नवरा गेल्यावर तीन गाईंच्या जिवावर त्यांनी संसार ओढला होता.

"दोनशे चार," डॉक्टर म्हणाल्या.

हिंगणखेलमध्ये दोनशे चार जनावरं मारायची म्हणजे त्या गावात मागं काय उरणार होतं? माणसं उरली असती, पण सकाळी उठून करायचं काय हे त्यांना कळलं नसतं. मी डॉक्टरांच्या बाजूला उभी होते आणि मान हलवत होते.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. गाव बंद. दूध खड्ड्यात ओतलं जात होतं. गुरं गोठ्यात कोंडलेली, चरायला सोडायची नाहीत, त्यामुळं दिवसभर हंबरत होती. आम्ही शाळेत मुक्कामाला होतो. सुभद्राकाकी रोज सकाळी फाटकाशी यायच्या आणि एकच विचारायच्या, "वैजे, पांढरी हाय नव्हं?" मी म्हणायचे, "पांढरी आहे काकी." तिसऱ्या दिवशी ड्रोनचे फोटो आले, अकराही पांढरी. पाचव्या दिवशीही पांढरी. एकही नवं जनावर पडलं नाही. लोक थोडे बोलायला लागले, कोणीतरी डॉक्टरांना हुलग्याचं माडगं पाठवलं.

आप्पांना मी रोज कुंपणापलीकडून बघत होते. सहाव्या दिवशी ते ओसरीवर घोंगडं पांघरून बसले होते. चैत्रात घोंगडं. म्हातारपण, बैल गेल्याचं दुःख, असं मी मनाशी म्हटलं आणि पुढं गेले. चोवीस वर्षं जनावरांचे आजार ओळखते मी. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

सातव्या दिवशी सकाळी साडेसातला मी पोशाख घालून, टाकी, पेटी आणि जंतुनाशकाचा डबा घेऊन गावात फेरी मारायला निघाले. ड्रोन असला तरी शेवटच्या दिवशी डोळ्यांनी बघावं, एवढाच हेतू. पाखऱ्याजवळ आले आणि थांबले. नाकपुडीजवळ साय जरा जास्तच पांढरी दिसत होती. साय दुधाळ असते. ही भिंतीसारखी पांढरी होती आणि तिला उन्हानं तडे गेले होते. तड्यांत निळं दिसत होतं.

मी वाकून बघितलं. तो चुना होता, तंबाखूचा. त्याखाली नाकपुडीपाशी विळ्यानं दिलेला छेद होता आणि वेसण गेली होती.

मी तिथंच बसले. नक्की काय झालं असणार ते सगळं समोर दिसत होतं. म्हाताऱ्यानं दोन-तीन दिवस वाट बघितली, वैजी म्हणाली होती नंतर बघू. मग विळा घेतला, साय कापली, दोर ओढून काढला. काढल्यावर निळं पडताना दिसलं असेल. दोनशे चार आठवले असतील. म्हणून चुनाळ्यातला चुना लावला, आणि तो लावला बोटानं. उघड्या बोटानं.

पण आधी माझ्या डोक्यात आप्पा आले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. आधी संध्याकाळचे पाच आले. टाकीत थोडं द्रव्य उरलं होतं. मी चुना खरवडून पिशवीत घातला, छेदावर आणि आजूबाजूच्या मातीवर जंतू मारायचं फॉर्मॅलिन ओतलं, पाच लिटरचा अख्खा डबा. माती भिजली, दहा मिनिटं थांबले, आणि त्यावर नवी साय धरली. आता नाक इतर नाकांसारखंच दिसत होतं. मी चोरी केली होती आणि ती चांगली जमली होती.

मग ओसरीवर गेले. आप्पा घोंगड्यात होते.

"हात दाखवा."

"काय झालंय हाताला?"

"आप्पा, हात दाखवा."

त्यांनी उजवा हात बाहेर काढला. तर्जनीजवळ रुपयाएवढा काळा डाग होता, भोवती फोड, आणि कोपरापर्यंत हात सुजून तुकतुकीत झाला होता. काळपुळी दुखत नाही, हीच तर तिची खोड. दुखत नाही म्हणून माणूस गप्प बसतो. मी कपाळाला हात लावला तर मोज्यातूनही ताप कळला.

"कधीपासून?"

"तीन रोज झालं आसतील."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगितलं की तू डाक्टरीणबाईला सांगणार. ती इचारणार, म्हाताऱ्या, हात कुठं घातलास? मग?" ते थांबून थांबून बोलत होते. "वेसण काढली नसती तर त्यो हितंच फिरत ऱ्हायला असता, वैजे. रोज मला दिसत हुता. पर म्या बाकीच्यांचा इचार केला न्हाई. माझ्या हातनं चूक झाली. आता माझ्यापायी सुभद्रेच्या गाई मारत्याल. त्ये मी हुऊ देणार न्हाई."

"औषध आहे यावर. तालुक्याला आहे. आत्ता निघालो तर तासात पोचू."

"पाच वाजल्यावर जाऊ."

"नऊ तास आहेत आप्पा. नऊ तासांत काय होईल सांगता येत नाही."

"मी एक हाय. ती दोनशे चार हायती."

मला इतका राग आला की मी ओसरीवरची घागर लाथाडली. चुकले असेन, पण लाथाडली. मी म्हणाले, "तुम्ही हिशेब नका शिकवू मला. गुरं पुन्हा होतील."

"कुणाची हुतील? सुभद्रेची हुतील? खिलाराची जोडी उभी कराया धा वर्सं लागत्यात. माझ्याकडं न्हाईत, तिच्याकडं बी न्हाईत." मग त्यांनी डाव्या हातानं माझा मोजा धरला. उभ्या आयुष्यात त्यांनी माझा हात असा धरला नव्हता. "पोरी, म्या तुला कंदी काय मागितलं न्हाई. येक वेसण मागितली हुती. ती बी तू दिली न्हाईस. आता एवढं दे. पाच वाजंस्तवर थांब."

वार बरोबर बसला. त्यांनी तो मुद्दाम केला नव्हता, पण बसला.

मी थांबले. मला हे मान्य करायचं आहे की मी थांबले. फोन माझ्या खिशात होता आणि शाळा तीनशे पावलांवर होती. मी माझ्या पेटीतलं गुरांचं इंजेक्शन आप्पांना दिलं. नव्या जातीला ते लागू पडत नाही हे माहीत असून दिलं. पाणी पाजलं. घागर उचलून पुन्हा भरून ठेवली. विचारलं, "दोर कुठंय?" त्यांनी चुलीकडं बोट दाखवलं, जाळला होता. तेवढं एक बरं केलं होतं.

दहा वाजता सुभद्राकाकींनी भिंतीपलीकडून विचारलं, "वैजे, पांढरी हाय नव्हं?"

"पांढरी आहे काकी," मी म्हणाले.

"म्हाकूभाऊजी उठलं न्हाईत आज?"

"आहेत. पडलेत जरा."

आप्पा हसले. म्हणाले, "खोटं बोलाया बरी शिकलीस. तुझ्या आयला जमायचं न्हाई."

बारानंतर सूज खांद्यावर चढली. एक वाजता त्यांना थंडी भरली, मी घरातलं सगळं पांघरूण घातलं. दोन वाजता मी उठून उंबऱ्यापर्यंत गेले. त्यांनी हाक मारली नाही, नुसतं बघितलं आणि मी परत येऊन बसले. मी स्वतःला समजावत होते की तीनच तास उरलेत, आता सांगून दोन्हीकडून घालवायचं कशाला. साडेतीनला ते पाखऱ्याशी बोलायला लागले. चारनंतर मला ओळखेनात. मला आईच्या नावानं हाक मारत होते, "हौसे, वैरण टाकली का?" मी म्हणाले, टाकली.

पाचला ड्रोन आला. अंगणावर तीन घिरट्या घातल्या, पाखऱ्याच्या नाकासमोर थोडा वेळ थांबला आणि गेला. पाच वाजून चार मिनिटांनी फोनवर निरोप आला की अकराही पांढरी, गाव मोकळं. लगेच बाहेर गलका सुरू झाला. कोणीतरी हलगी काढली. पाच वाजून पाच मिनिटांनी मी डॉक्टरांना फोन केला.

तालुक्याच्या विलगीकरण कक्षात आप्पांना प्रतिविष दिलं, नवं औषध दिलं, नळ्या लावल्या. तिथली माणसं खूप झटली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता ते गेले. मरायच्या आधी शुद्धीवर आले नाहीत, त्यामुळं गुरं वाचली हे त्यांना कळलं की नाही, मला सांगता येत नाही. मी त्यांच्या कानात चार-पाच वेळा सांगितलं होतं.

डॉक्टर तांबोळी सकाळीच आल्या होत्या. आम्ही दोघी पांढऱ्या पोशाखात पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या होतो. त्या म्हणाल्या, "वैजाताई, मला नोंद करायला लागेल म्हणून विचारते. हात कुठं लागला?"

मी ठरवलं होतं की खोटं बोलायचं. आजारी बैलाला पाणी पाजताना लागला, असं वाक्यही तयार होतं. पण आप्पा समोर पडले होते आणि माझ्यात आता ती ताकद राहिली नव्हती. मी सगळं सांगितलं. वेसण, चुना, फॉर्मॅलिन, नवी साय. सकाळी साडेसात ते संध्याकाळी पाच. शेवटी म्हणाले, "माझं काय करायचं ते करा, डॉक्टर. पण ती गुरं मारू नका. माझ्या बापानं त्यांच्यासाठी जीव दिलाय."

डॉक्टर स्टुलावर बसल्या.

"ताई," त्या म्हणाल्या, "गुरं मारायचा आदेश असा आपोआप निघत नाही."

"म्हणजे?"

"छेद सापडला तर आधी माती तपासतात. एक-दोन ठिकाणीच असेल तर ती जागा भाजून काढायची, तेवढा गोठा वेगळा ठेवायचा आणि मुदत आठ दिवस वाढवायची. सगळी मारणं ही शेवटची पायरी. तिथपर्यंत आजवर एकदाही जावं लागलेलं नाही." त्यांचा आवाज बारीक झाला होता. "लोकांनी हात लावू नये म्हणून गावात कडक सांगा, असं वरून सांगितलं होतं. मी सांगितलं."

"मी गावातली नव्हते. मी खात्यातली होते."

"तुमचं माहेर होतं ना ताई. तुम्ही वडिलांना सांगाल असं वाटलं. म्हणून तुम्हालाही तेच सांगितलं."

मला त्या बाईचा गळा धरावासा वाटला. खरंच वाटला, हात पुढं गेला होता. नऊ तास. एक फोन केला असता तर साडेआठला आप्पा या पलंगावर असते, हाताचं एखादं बोट गेलं असतं फार तर, आणि गुरंही उभी असती. गाव हात लावेल म्हणून डॉक्टर घाबरल्या, गुरं जातील म्हणून गाव घाबरलं, आणि मी दोन्हीकडची असून एकदाही तोंड उघडून विचारलं नाही की खरंच असं आहे का. चोवीस वर्षं मी लोकांना सांगत आले की लपवू नका, विचारा. लोक विचारत होते. आप्पांनी तर पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

डॉक्टर रडत होत्या. पोशाखात डोळे पुसता येत नाहीत, त्यामुळं पाणी तसंच चष्म्याच्या आत साचत होतं. मी हात खाली घेतला.

पुढचं थोडक्यात सांगते. माती तपासली, तिच्यात जिवंत बीज सापडलं नाही. ती जागा तरीही भाजून काढली. दोनशे चारच्या दोनशे चार जनावरं आजही हिंगणखेलला आहेत. माझी चौकशी झाली, दोन वर्षं पगारवाढ थांबली, आणि ती थांबायलाच हवी होती. डॉक्टरांनी स्वतःविरुद्धही लिहून दिलं. गावानं आप्पांचं नाव चावडीवर लावलंय. मी तिकडून जाते तेव्हा वर बघत नाही.

पण त्या सकाळी अजून एक काम शिल्लक होतं. काळपुळीनं गेलेल्या माणसाला घरी नेता येत नाही. आंघोळ नाही, हळद नाही, खांदा नाही. साय धरायची आणि परस्पर दहन. टाकी खोलीच्या कोपऱ्यात आणून ठेवलेली होती.

"तुम्ही बाहेर थांबा ताई," डॉक्टर म्हणाल्या. "मी करते."

"नको. मी करते. कात्री द्या."

"कात्री कशाला?"

मी चादर बाजूला केली. आप्पांच्या कमरेला काळा करगोटा होता, वर्षानुवर्षांचा, घामानं कडक झालेला. आमच्याकडं माणूस गेला की तो तोडतात. त्याशिवाय कोणाला पाठवत नाहीत.

डॉक्टरांनी नियमावली उघडली नाही. त्यांनी कात्री दिली आणि आप्पांची कूस हलकेच उचलून धरली, म्हणजे दोर मोकळा मिळावा. मी दोन ठिकाणी कापला, खालून ओढून घेतला आणि जाळायच्या पिशवीत टाकला. कानाशी वाकले, पण सुटलास बाबा असं मला वडिलांना म्हणता येईना. मी म्हणाले, "आप्पा, झालं."

मग टाकी पाठीवर घेतली. फवारणी नाकातोंडापासून सुरू करावी असं नियमावलीत आहे. मी पायांपासून सुरू केली. पोटऱ्या, गुडघे, तो सुजलेला हात, छाती, सगळं सावकाश पांढरं होत गेलं. तोंड शेवटी ठेवलं.